कुतचे युद्धबंदी आणि आपले ऋण
(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून ज्ञातीतील कर्तबगार पुरुषांची चरित्रे सांगण्याचा परिपाठ आहे. कोणी व्यापारात नाव काढले, कोणी वकिली गाजवली, कोणी शाळा काढली. अशा थोरांची ओळख तरुण पिढीला करून द्यावी, हा हेतू स्तुत्यच आहे. चिटणीसांनी या वर्षी तीच कामगिरी आमच्याकडे सोपविली. परंतु आम्ही ज्यांच्याविषयी बोलणार आहोत, त्यांनी पैसा मिळविला नाही, पदवी मिळविली नाही, आणि त्यांपैकी बहुतेकांची नावेही आम्हांस ठाऊक नाहीत. मुलूख सोडून, समुद्र ओलांडून ते लढावयास गेले, शत्रूच्या बंदीत पडले आणि तेथेच मेले. अशा माणसांचे चरित्र सांगावयाचे तरी कसे, असा प्रश्न आपणांस पडेल. आम्हांसही तो पडला होता. त्याच प्रश्नापासून आरंभ करतो.

आमच्या आजोळी देवघरात, टाकांच्या मागे, एक काशाची वाटोळी तबकडी उभी करून ठेवलेली असे. सुमारे पाच इंच व्यासाची. तिच्यावर हातात पानांचा मुकुट धरलेली एक उभी स्त्री आणि तिच्यापाशी एक सिंह. सिंह पाहून आजी तिला देवी समजे आणि सणावारी हळदकुंकू वाही. घरात तिला 'बसऱ्याची देवी' असेच नाव पडले होते. पाचवीत आम्हांस इंग्रजी मुळाक्षरे शिकविली गेली. त्या सुटीत आजोळी गेलो असता, नव्या विद्येची मिजास म्हणून आम्ही तबकडीवरची उठावाची अक्षरे एकेक करून लावू लागलो. कडेची ओळ काही उलगडेना. पण स्त्रीच्या बाजूच्या चौकटीतील अक्षरे लागली, आणि ते निघाले आजीच्या सासऱ्यांचे नाव. आजी हातातले काम टाकून उठली आणि म्हणाली, "पुन्हा वाच." आम्ही पुन्हा वाचले. ती माउली पन्नास वर्षे त्या तबकडीला हळदकुंकू वाहत होती, आणि तिच्यावर सासऱ्यांचे नाव आहे हे तिला त्या दिवशी कळले.

पुढे कडेच्या ओळीचाही अर्थ कळला : हा मनुष्य स्वातंत्र्य व सन्मान यांकरिता मेला. पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या प्रत्येक सैनिकाच्या वारसास ब्रिटिश सरकारने अशी तबकडी धाडली होती. तिच्यावर हुद्दा नसतो, केवळ नाव असते. कोणाच्या स्वातंत्र्याकरिता, हे विचारण्याचे भान तेव्हा आमच्या आजोळी कोणास नव्हते. कागद आला होता तो एवढाच, की शिपाई बेपत्ता आहे. आमच्या पणजीने त्या कागदानंतरही कुंकू पुसले नाही. बेपत्ता म्हणजे मेला नव्हे, असे ती म्हणे. ही तबकडी हाती आली तेव्हा तिने कुंकू पुसले. मृत्यूची तिथी माहीत नव्हती, म्हणून त्या घरात त्यांचे श्राद्ध आजही सर्वपित्री अमावास्येस होते.

आता हे पूर्वज गेले कोठे आणि गाठले कशाने, याचा इतिहास थोडक्यात सांगतो.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये युरोपात युद्ध पेटले. नोव्हेंबरात तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने त्यात उतरले आणि इराणी आखाताच्या माथ्यावरील तेलाचे रक्षण करण्याच्या निमित्ताने हिंदुस्थान सरकारने मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, फौज उतरविली. ही फौज होती सहावी डिव्हिजन, जिला पुणे डिव्हिजन असेच नाव होते. तिच्यात तीन मराठा पलटणी होत्या : १०३ वी, ११० वी आणि ११७ वी. कोकणपट्टीतील खाचरे आणि देशावरील जिरायत सोडून गेलेले तरुण या पलटणींत होते. कोकणातील मनुष्यास पोटासाठी मुंबईस जाणे नवे नव्हते. कोणी गिरणीत गेला, कोणी गोदीत गेला, कोणी पलटणीत गेला. घरच्यांच्या दृष्टीने तिन्ही एकच : मुलगा बाहेर गेला, मनिऑर्डर येईल.

नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा पडले. १९१५ च्या जूनमध्ये अमारा आणि सप्टेंबरच्या अखेरीस तैग्रिस नदीकाठचे कुत-अल-अमारा हाती आले. इथवर सर्व सुरळीत झाल्यामुळे वरिष्ठांना बगदादचा मोह सुटला. जनरल टाउनशेंड यांच्या हाताखालील ही एकच डिव्हिजन, पुरेशा नौका नाहीत, पुरेशी इस्पितळे नाहीत, अशा स्थितीत वर चालून गेली. २२ नोव्हेंबर १९१५ रोजी टेसिफोन येथे तुर्कांशी गाठ पडली. तेथे आपल्याकडील चार हजारांहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली. जखमींना बिनकमानीच्या गाड्यांत एकावर एक घालून नदीपर्यंत आणले गेले, आणि ज्यांची हाडे मोडली होती त्यांचे त्या वाटेवर जे हाल झाले, त्यांवरून पुढे विलायतेच्या पार्लमेंटात मोठा गहजब झाला. फौज मागे फिरली, ३ डिसेंबरास कुतमध्ये शिरली, आणि ७ डिसेंबरास तुर्कांनी वेढा पुरा केला.

कुत हे गाव तैग्रिसच्या वळणात वसलेले आहे. तीन बाजूंस नदी, एका बाजूस जमीन. जमिनीच्या बाजूस एक मातीचा किल्ला होता. २४ डिसेंबरास तुर्कांनी या किल्ल्यावर जोराचा हल्ला केला, तो परतविणाऱ्यांत १०३ वी मराठा पलटण होती. त्यानंतर शत्रूने हल्ल्याऐवजी उपासमारीवर भिस्त ठेवली. बाहेरून मदतीस येणाऱ्या फौजेने जानेवारीपासून एप्रिलपर्यंत पुनःपुन्हा धडका दिल्या आणि त्यांत तिची वीस हजारांहून अधिक माणसे कामी आली वा जायबंदी झाली. आत तेरा हजारांच्या आसपास माणसे होती. त्यांना सोडविण्यासाठी बाहेर त्याहून अधिक पडली. विमानांतून पिठाची पोती टाकण्याचाही प्रयत्न झाला. २४ एप्रिलच्या रात्री जुलनार नावाची आगबोट धान्य भरून वर पाठविली, ती तुर्कांनी वाटेतच अडविली. २९ एप्रिल १९१६ रोजी, वेढ्याच्या १४७ व्या दिवशी, कुतने शस्त्र खाली ठेवले.

ज्ञातिबंधूंनो, आता एक गोष्ट सांगावयाची आहे, आणि ती सांगताना आमची जीभ जड होते. धान्य संपत आले तेव्हा कुतमध्ये घोडे आणि खेचरे मारून त्यांचे मांस वाटण्यात येऊ लागले. गोऱ्या शिपायांनी ते खाल्ले. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही, ते नाकारले. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या अनुज्ञा मागवून, त्या बिनतारी यंत्राने आणवून शिपायांना ऐकविण्यात आल्या : आपत्काळी यात दोष नाही. तरीही आठवड्यांमागून आठवडे शिपाई जवाच्या मूठभर पिठावर आणि रानातला पाला उकडून त्यावर राहिले. भाजी समजून विषारी पाला खाल्ल्याने काही दगावले. हिरड्या सुजल्या, दात हलू लागले, जखमा भरेनात. रक्तपिती हा हिंदी शिपायांतच फैलावला. एप्रिलमध्ये अखेर हजारोंनी ते मांस घेतले, पण तोवर शरीरे पोखरली गेली होती.

ते का खात नव्हते? हा प्रश्न अधिकाऱ्यांनी त्यांना विचारला होता आणि त्यांनी दिलेले उत्तर त्या काळच्या वृत्तान्तांतून नमूद आहे. ते देवास भीत नव्हते. धर्मगुरूंनी मोकळीक दिलेलीच होती. ते म्हणत, गावी गेल्यावर आम्हांस वाळीत टाकतील, आमच्या घरात कोणी मुलगी देणार नाही, आमची मुलगी कोणी करणार नाही.

या सभागृहात बसलेल्या आपण सर्वांनी हे वाक्य नीट ऐकावे. तो धाक गावकीचा आणि भावकीचा होता, म्हणजे तो आपला धाक होता. आपल्यासारख्याच मंडळींनी, अशाच बैठकी भरवून, कोणास पंक्तीस घ्यावे आणि कोणास घेऊ नये याचे निवाडे केले होते. त्या निवाड्यांची जरब एवढी, की हजारो मैलांवर, तोफांच्या तोंडी बसलेला भुकेला शिपाई पुढ्यातले अन्न दूर सारीत होता. आपल्या ज्ञातीचा धाक तैग्रिसच्या तीरापर्यंत पोहोचला. आपली आठवण मात्र तेथवर पोहोचली नाही.

कोणी म्हणेल, त्यांनी धर्म राखला, याचा अभिमान बाळगावा. आम्ही त्यांच्या निग्रहास हात जोडतो. परंतु ज्या भीतीने तो निग्रह करविला, तिचा अभिमान आम्हांस वाटत नाही.

शरणागतीनंतर जनरलसाहेबांस कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर एका बंगल्यात ठेवण्यात आले. तेथे त्यांची बडदास्त उत्तम होती, आणि बंदीत असतानाच त्यांस 'सर' हा किताबही मिळाला. अत्यवस्थ आजाऱ्यांपैकी काहींची अदलाबदल होऊन ते सुटले. बाकीच्यांना प्रथम जवळच्याच शुमरान येथे नेले. तेथे उपाशी पोटी तुर्की लष्करातील दगडासारखी बिस्किटे खाऊन शेकडो माणसे पोटाच्या विकाराने दगावली. मग मे महिन्याच्या उन्हात कूच सुरू झाले. कुत ते बगदाद, बगदादपासून समारापर्यंत आगगाडी, तेथून पुढे तिक्रीत, मोसुल, निसिबिन आणि अखेर रास-अल-ऐन. एकूण वाट पाचशे मैलांहून अधिक. पायांतले बूट भाकरीसाठी विकलेले किंवा पहारेकऱ्यांनी काढून घेतलेले. जो बसला तो मागे राहिला, आणि मागे राहिला तो बहुधा पुन्हा दिसला नाही.

रास-अल-ऐन हे आज सीरियाच्या उत्तर सीमेवरील गाव आहे. जर्मन कंपनी बांधीत असलेली बगदाद रेल्वे तेव्हा तेथवर आली होती आणि पुढे निसिबिनपर्यंत रूळ टाकावयाचे होते. हिंदी बंद्यांपैकी मोठा भाग याच कामास लावण्यात आला. माती खणावी, भराव घालावा, दगड फोडावेत, रात्री तंबूत पडावे. वाळवंटातील हिवाळा, अंगावर चिंध्या, आणि उवांतून पसरणारा टायफस ताप. ज्या मुलखात हे चालले होते, त्याच मुलखात १९१५-१६ मध्ये तुर्की सरकारने हाकलून आणलेल्या आर्मेनियन लोकांच्या कत्तली झाल्या होत्या. आपले बंदी ओस पडलेल्या त्यांच्या गावांवरून गेले. स्वतःच्या दुःखाने वाकलेल्या त्या माणसांनी आपल्याहूनही अनाथ अशी माणसे तेथे पाहिली.

हे सर्व आपणांस कळले कसे? कोणा मराठी शिपायाने लिहून ठेवलेला या बंदिवासाचा वृत्तान्त आमच्या वाचनात आलेला नाही. जे कळते, त्यातील हिंदी माणसाच्या बाजूचा मोठा भाग दोन बंगाली पुस्तकांमुळे कळतो. आम्हांस बंगाली येत नाही. त्या पुस्तकांवर इंग्रजीत झालेल्या अभ्यासाच्या आधारे बोलतो.

कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी हे कलकत्त्याचे डॉक्टर. कलकत्त्यास वैद्यकाचे शिक्षण झाल्यावर ते समुद्र ओलांडून विलायतेस गेले, तेथे पुढील शिक्षण घेतले आणि इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. १९१५ मध्ये त्यांस मेसोपोटेमियात पाठविण्यात आले. घरी आईस ते नियमाने पत्रे लिहीत. आरंभीच्या पत्रांत नव्या मुलखाची वर्णने आहेत. पण जखमींवर मलमपट्टी करता करता त्यांचे मन बदलत गेले. १९१५ च्या ऑक्टोबरात, म्हणजे टेसिफोनच्या आधीच, त्यांनी आईस एक पत्र लिहिले. त्याचा मथितार्थ असा, की ज्या देशाभिमानाचे धडे इंग्रजांनी आपणांस दिले आणि ज्याची सुधारलेली राष्ट्रे एवढी थोरवी गातात, तोच या सर्व रक्तपाताचे मूळ आहे. दुसऱ्याची भूमी हिरावून घ्यावी आणि त्यास देशभक्ती म्हणावे, असा हा प्रकार आहे. सरकारी गणवेशातील हिंदी अधिकाऱ्याने रणभूमीवरून असे लिहावे, ही साधी गोष्ट नव्हे. विशेष हे, की ते केवळ इंग्रजांस दोष देऊन थांबले नाहीत. हाच देशाभिमान आमच्या लोकांनाही बाँबच्या वाटेने नेत आहे, असेही त्यांनी लिहिले. ते कोणाचीच भलावण करीत नव्हते. रोज रक्त धुणाऱ्या माणसास जे दिसले, ते त्यांनी आईस कळविले.

पुढे तेही कुतच्या वेढ्यात सापडले आणि बंदी म्हणून रास-अल-ऐनला पोहोचले. वैद्य या नात्याने त्यांस तेथे आजारी बंद्यांची शुश्रूषा करावयाची होती. औषधे नाहीत, अन्न नाही, आणि रोज नवे आजारी. मार्च १९१७ मध्ये त्यांस स्वतःसच ताप चढला आणि त्यातच त्यांचा अंत झाला. वय चौतीस वर्षांचे. त्याच मार्च महिन्यात इंग्रज फौजेने बगदाद घेतले. ज्या नगरासाठी हा सर्व अट्टाहास झाला, ते हाती आले तेव्हा तेथवर प्रथम चालून गेलेली माणसे चारशे मैलांवर माती खणीत होती किंवा मातीत गेली होती.

त्याच छावणीत शिशिरप्रसाद सर्वाधिकारी नावाचा बंगाली तरुण होता. बंगाल अँब्युलन्स कोअर या पथकातून तो स्वेच्छेने गेला होता. शरणागतीच्या वेळी त्याने आपल्या रोजनिशीची पाने फाडून बुटांत दडविली आणि अशा रीतीने ती वाचविली. चाळीस वर्षांनी 'अभि ले बगदाद' या नावाने त्याची हकीकत ग्रंथरूप झाली. आणि कल्याणकुमारांचे चरित्र कोणी लिहिले? ते त्यांच्या आजीने लिहिले. मोक्षदादेवी त्यांचे नाव. ऐंशीच्या घरात आलेल्या त्या वृद्धेने नातवाची पत्रे जुळविली, आणि १९२८ मध्ये 'कल्याण-प्रदीप' हे पुस्तक प्रसिद्ध केले.

आम्हांस यात एक गोष्ट फार जाणवली. एक आजी नातवाचे चरित्र लिहू शकली, कारण तिला अक्षरे येत होती. दुसरी आजी, आमची, तबकडीस देवी समजून पुजीत राहिली, कारण तिला ती येत नव्हती. माया दोघींची सारखीच. फरक फक्त अक्षरांचा. म्हणून एकाचे चरित्र उरले आणि दुसऱ्याची तिथीही उरली नाही.

आणखी एक. कल्याणकुमार आपल्या ज्ञातीचे नव्हते, आपल्या प्रांताचेही नव्हते. तरीही आम्ही त्यांचे चरित्र येथे सांगितले, कारण ज्या छावणीत आपल्या मुलखातील शिपाई तापाने फणफणत होते, तेथेच हा परक्या ज्ञातीचा डॉक्टर आजाऱ्यांची नाडी पाहत होता. आपण ज्यांस वाळीत टाकण्याचा धाक घातला, त्यांच्या उशाशी अखेरीस असले ते असेच, न नात्याचे न गोत्याचे लोक.

तेरा हजार बंद्यांपैकी परत किती आले? ब्रिटिश शिपायांपैकी सुमारे सत्तर टक्के बंदीत मेले. हिंदी शिपाई आणि त्यांच्याबरोबरचे नोकरचाकर यांच्यात मृतांची संख्या हजारांत आहे, आणि त्यांपैकी फार मोठ्या संख्येपुढे शेरा एवढाच, की ठावठिकाणा लागला नाही. ३० ऑक्टोबर १९१८ रोजी तुर्कस्तानाशी तहकुबी झाली, आणि जे उरले होते ते हळूहळू घरी आले. पलटणी हिंदुस्थानात पुन्हा उभ्या करण्यात आल्या होत्या. १०३ वी पलटण आज मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण, म्हणजे आपली 'जंगी पलटण', या नावाने नांदत आहे. पलटण अमर असते. शिपाई अमर नसतो, म्हणून त्याचे नाव लिहावे लागते.

ते लिहिले गेले का? १९२९ मध्ये बसऱ्यास एक भव्य स्मारक उभारण्यात आले. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांची कबर ठाऊक नाही अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचे ते स्मारक. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची मात्र नावे नाहीत. पलटणीचे नाव आणि त्यापुढे मृतांचा आकडा, एवढेच. या भेदाबद्दल युद्धस्मारकांच्या त्या मंडळाने एप्रिल २०२१ मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनी, जाहीर माफी मागितली. आपल्या गावांत तरी काय आहे? सातारा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील कित्येक गावी चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक पांढरी फरशी बसविलेली आढळते : या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. तेथेही आकडाच आहे.

आम्ही आयुष्यभर शाळेत हजेरी घेतली. हजेरीपटावर 'एकूण चाळीस' असे लिहून कोणी शिक्षक मोकळा होत नाही. एकेक नाव घ्यावे लागते आणि प्रत्येकाचे उत्तर यावे लागते. उत्तर आले नाही तर त्याच्या नावापुढे खूण करावी लागते आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी चौकशी करावी लागते. कुतच्या हजेरीपटावर आपल्या मुलखाने ती चौकशी केली नाही. सरकारने केली नाही, हे खरे. पण आपणही केली नाही.

म्हणून आम्ही संमेलनापुढे एक सूचना ठेवतो. आपली ही स्मरणिका दरवर्षी निघते. तीत देणगीदारांची नावे छापतो, गुणवंत विद्यार्थ्यांची छापतो, वधूवरांची छापतो. पुढील वर्षापासून तीत काही पाने मेसोपोटेमियास गेलेल्यांसाठी राखावीत. प्रत्येकाने आपापल्या गावी जाऊन वडीलधाऱ्यांस विचारावे. देवघरात, माळ्यावर, जुन्या ट्रंकेत अशी तबकडी, एखादे पदक, एखादा पेन्शनीचा कागद आहे का, ते पाहावे. नाव, बापाचे नाव, गाव, तालुका, पलटण, आणि घरी बातमी कशी आली, एवढे लिहून पाठवावे. त्या युद्धस्मारक मंडळाच्या नोंदी आता कोणासही घरबसल्या पाहता येतात. त्यांत दगडावर नसलेली पुष्कळ नावे आहेत, कित्येकांपुढे बापाचे, बायकोचे आणि गावाचे नावही आहे. परंतु इंग्रजी कारकुनांच्या हातून त्यांची अक्षरे मोडली आहेत. कोणते नाव कोणत्या घरचे, हे ओळखण्याचे काम लंडनमध्ये बसून होणार नाही. ते त्या गावचा मनुष्यच करू शकेल.

आणि या सूचनेस एक पुरवणी आहे. ही यादी केवळ आपल्या ज्ञातीची असू नये. पलटणीबरोबर पखालवाले भिस्ती होते, डोलीवाले होते, स्वयंपाकी, धोबी, भंगी, खेचरवाले होते. कुतमध्ये असे तीन हजारांहून अधिक लोक होते. लढवय्यांची निदान संख्या तरी फरशीवर चढली. यांची पुष्कळ ठिकाणी तीही चढली नाही. गावातून जो गेला तो गावाचा, मग तो कोणत्या आळीत राहत होता हे आपण विचारू नये. ज्ञातीच्या स्मरणिकेत परज्ञातीयांची नावे कशास, असे कोणी म्हणेल. त्यास आमचे उत्तर एवढेच, की रास-अल-ऐनच्या मातीत त्यांस वेगळ्या पंक्तीत पुरलेले नाही.

आमच्या आजीस जाऊन आता बरीच वर्षे झाली. ती तबकडी अजून त्याच देवघरात आहे, आणि मामेभावाच्या घरी अजून तिला हळदकुंकू वाहतात. आम्ही ते थांबवा असे सांगितले नाही. फक्त येत्या सर्वपित्री अमावास्येस पान वाढताना त्यांचे नाव मोठ्याने घ्यावे, आणि घरातील लहान मुलांकडून ते तबकडीवरून वाचवून घ्यावे, एवढे सांगितले आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी अशी खूण असेल त्यांनीही तेच करावे. ज्यांच्या घरी नसेल त्यांनी गावातील फरशीपाशी जाऊन, आकड्यामागची नावे कोणास आठवतात का, हे विचारावे. आठवणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत.

कार्यकारी मंडळाने ही सूचना मान्य करावी, अशी आमची नम्र विनंती आहे. 

जय हिंद!